हिशेबाचं विचारा : थिएटरच्या कोपऱ्यात घड्याळ घेऊन

मागच्या वेळी एक वाक्य लिहून मी पुढे निघून गेले होते : हॉस्पिटलचा ताळेबंद वेगळा आणि हॉस्पिटलमधल्या एका ऑपरेशनचा खर्च वेगळा. त्या एका वाक्यानं मला यंदा बरीच पत्रं मिळवून दिली. दोन पत्रांत चक्क रागच होता. त्यातली चार घेते. पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठंच होणार, कारण बाकीच्या तिघांच्या उत्तराची मुळं तिथंच आहेत.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल आहे. मिस्टर सर्जन आहेत, कारभार मी बघते. सीए दरवर्षी नफा दाखवतात, पण पगाराची तारीख आली की माझी ओढाताण ठरलेली. महिन्याचा सगळा खर्च साडेनऊ लाख आणि दाखल होणारे पेशंट साधारण पन्नास. म्हणजे एका पेशंटमागे १९,००० रुपये पडतात. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हर्नियाच्या ऑपरेशनला एवढे कुठं मिळतात? मिस्टर म्हणतात, योजना सोडून देऊ. सोडावी का?

वहिनी, आधी तो एकोणीस हजारांचा आकडा खोडा. तो हर्नियाचा नाही, डेंग्यूचा नाही, बाळंतिणीचाही नाही. तो कुणाचाच नाही.

माझे वडील लातूरला डाळमिलमध्ये मुनीम होते. मिलमध्ये तूरही यायची आणि हरभराही. हरभऱ्याचं टरफल तसं लवकर सुटतं. तुरीचं चिवट असतं. तिला तेलाचा हात लावा, पाणी द्या, उन्हात वाळवा, पुन्हा भरडा. महिन्याचा खर्च भागिले एकूण पोती, असा हिशेब वडिलांनी लावला असता तर शेठनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातातली वही काढून घेतली असती. कारण त्या हिशेबात हरभरा उगाच महाग दिसतो आणि तूर उगाच स्वस्त. मग मिलवाला स्वस्त समजून तुरीचे सौदे घेत सुटतो आणि बुडतो. तुमच्याकडे चार दिवस सलाइन लावलेला तापाचा पेशंट थिएटरचा उंबरासुद्धा ओलांडत नाही. त्याच्या नावावर थिएटरच्या एसीचं बिल कशाला?

आता मी काय करते ते सांगते. ऑफिसात बसून बिलं चाळायच्या आधी मी एका पेशंटच्या मागे मागे चालते. केसपेपर निघाला तिथपासून रिक्षात बसून घरी गेला तिथपर्यंत. कोणी हात लावला, किती मिनिटं लावला, काय सामान फोडलं, हे लिहीत जायचं. थिएटरमध्ये टोपी-मास्क घालून कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, मांडीवर पाटी, हातात घड्याळ. पहिल्यांदा गेले तेव्हा थिएटरमधल्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही इन्कम टॅक्सच्या का?" दोन दिवसांनी त्याच मला सांगायला लागल्या की कुठल्या दिवशी किती उशीर होतो आणि कुणामुळे.

या पद्धतीला पुस्तकात मोठं नाव आहे. रॉबर्ट कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ साली ती मांडली. पुढे २०११ मध्ये कॅप्लन आणि मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी ती हॉस्पिटलांना कशी लावायची ते सविस्तर लिहिलं. गाभा दोनच प्रश्नांचा आहे : माणसाचं किंवा खोलीचं एक मिनिट कितीला पडतं, आणि या पेशंटनं त्यातली किती मिनिटं घेतली.

तुमच्या पत्रात थिएटरचे वेगळे आकडे नाहीत, म्हणून धरून चालते. थिएटरच्या सिस्टर, दोन असिस्टंट आणि मावशी यांचे पगार, वीज, जनरेटरचं डिझेल, एसी, ऑटोक्लेव्ह (वाफेनं सामान निर्जंतुक करायचं यंत्र), टेबल-लाइटचा घसारा (झिजेपोटी धरायची रक्कम), दुरुस्ती मिळून महिन्याला १,४४,००० रुपये. थिएटर महिन्यात २६ दिवस, रोज आठ तास उघडं, म्हणजे १२,४८० मिनिटं. पण माणूस चहा पितो, लाइट जाते, मशिन रुसतं. म्हणून सगळी मिनिटं धरायची नसतात. ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरायची. म्हणू १०,०००. एक मिनिट पडलं १४ रुपये ४० पैशांना.

आता हर्निया. पेशंट आत घेऊन कमरेत इंजेक्शन देऊन बधिर होईपर्यंत २५ मिनिटं, प्रत्यक्ष ऑपरेशन ४०, बाहेर न्यायला १०, पुसून-धुऊन पुढच्यासाठी टेबल लावायला २०. एकूण ९५ मिनिटं. गुणिले १४.४०, म्हणजे १,३६८ रुपये. हर्नियाच्या जागी आत बसवायची जाळी, टाक्यांचा धागा, औषधं, ग्लोव्हज, ड्रेसिंग, कपड्यांची धुलाई आणि ऑटोक्लेव्ह धरून ३,४५०. भूलतज्ज्ञांची फी २,५००. वॉर्डचा एका खाटेचा दिवस असाच मोजून समजा ९०० ला पडला, तर दोन दिवसांचे १,८००. योजनेची ऑनलाइन मंजुरी, फोटो, कागद चढवणं याला क्लार्कची नव्वद मिनिटं जातात, त्याचे १६२.

आणि मिस्टर? तुमच्या साडेनऊ लाखांत त्यांचा पगार नाहीच, हे मी तुम्हाला न विचारताच सांगते. मालक-डॉक्टरच्या हॉस्पिटलात तो कधीच नसतो. घरची म्हैस आहे म्हणून दूध फुकट, तसलाच हिशेब. त्यांच्या जागी सर्जन पगारावर ठेवला तर काय द्यावं लागेल? महिना दीड लाख धरा आणि तशाच १०,००० मिनिटांनी भागा. मिनिटाला १५ रुपये. ओपीडी, ऑपरेशन, राउंड, टाके काढणं मिळून दोन तास. १,८०० रुपये झाले.

बेरीज ११,०८०.

तुमचा एकोणीस हजार कुठं आणि हा कुठं! आणि गंमत अशी की सर्जनची मजुरी धरूनसुद्धा हा कमी आहे. योजनेच्या पॅकेजचा, म्हणजे एका ऑपरेशनला ठरवून दिलेला, दर तुमच्याकडे आहेच, तो या आकड्याशेजारी ठेवा. माझे आकडे मात्र तसेच उचलू नका. तुमची जाळी वेगळी, तुमचा भूलतज्ज्ञ वेगळा. पाच हर्निया स्वतः मोजा. पन्नास मोजायची गरज नाही, पाचांत समजतं.

मग उरलेले पैसे जातात कुठं? इथं खरी मेख आहे. तुम्ही थिएटर महिन्यात १०,००० मिनिटं वापरू शकता. पंचवीस खाटांच्या, एका सर्जनच्या हॉस्पिटलात मी मोजलंय तेव्हा ४,००० च्या वर फारसं कधी गेलेलं नाही. राहिलेली ६,००० मिनिटं पगार, घसारा, मीटरचं भाडं खात बसलेली असतात. १४.४० नं गुणा, ८६,४०० रुपये महिन्याला. जुन्या पद्धतीनं ते पैसे त्या चार हजार मिनिटांवर पसरतात आणि मिनिट १४.४० ऐवजी ३६ रुपयांना पडतं. मग प्रत्येक ऑपरेशन तोट्यातलं वाटतं. तोटा ऑपरेशनाचा नाही, रिकाम्या थिएटरचा आहे. तो हर्नियाच्या पेशंटच्या डोक्यावर टाकू नका, त्याची वेगळी ओळ लिहा आणि ती ओळ मिस्टरांच्या टेबलावर ठेवा.

योजना सोडल्यानं ही ओळ वाढेल की कमी होईल, ते मग तुम्हालाच दिसेल. योजनेची एक जादा केस घेतली तर खिशातून नव्यानं जातं काय? सामान ३,४५० आणि भूलतज्ज्ञ २,५००, म्हणजे सहा हजारांच्या आत. सिस्टरचा पगार, एसी, खाट, हे सगळं केस असो नसो चालूच आहे. दुपारी तीनला थिएटरला कुलूप असेल तर पॅकेज सहा हजारांच्या वर कितीही मिळालं तरी ते त्या कुलपापेक्षा बरं. पण सकाळी योजनेची केस घेतल्यामुळे रोख पैसे देणारा पेशंट दुसरीकडे गेला, तर गणित उलटं. म्हणून सरसकट "योजना घ्या" किंवा "योजना सोडा" असं मी सांगणार नाही. तुमच्या थिएटरच्या वहीत दुपारी काय लिहिलेलं असतं ते बघा.

आता पगाराच्या तारखेची ओढाताण. तुम्ही दोन दुखणी एक समजताय. क्लेमचे पैसे चार महिने अडकले तर सहा हजारांवर बारा टक्क्यांनी व्याज होतं २४० रुपये. म्हणजे उशिरानं केस तोट्यात जात नाही. पण महिन्याला पाच केसेस म्हटल्या तर चार महिन्यांत वीस केसेसचे १,२०,००० तुमच्या खिशातून बाहेर गेलेले असतात आणि जाळीवाला मात्र महिन्याला दारात उभा असतो. हा खर्चाचा प्रश्न नाही, खेळत्या भांडवलाचा आहे. त्यावर उपाय बँकेत कॅश क्रेडिट, पुरवठादाराशी साठ दिवसांची बोली, आणि नाकारलेल्या क्लेमची वेगळी फाइल. त्या फाइलवर एक दिवस बसा. बहुतेक क्लेम आजारावर नाकारलेले नसतात, कुठला तरी फोटो किंवा रिपोर्ट राहिलेला असतो. क्लार्कची ती नव्वद मिनिटं सगळ्यात स्वस्त आहेत. तिथं काटकसर करून अकरा हजार घालवू नका.

एक प्रसंग सांगून पुढे जाते. एका हॉस्पिटलात यादीत पहिली केस नऊची. सुरी लागली दहा पस्तीसला. पंधरा दिवस मी रोज कारण लिहिलं. गावात भूलतज्ज्ञ एक आणि हॉस्पिटलं चार. ते पहिलं सिझर उरकून येणार. रक्ताचा नमुना तपासायला त्याच सकाळी पाठवलेला. नातेवाईक औषधं आणायला खाली मेडिकलवर गेलेला आणि तिथं रांग. एकदा तर पेशंटनं सकाळी चहा-बिस्किट खाल्लेलं निघालं, कारण उपाशी राहायचं सांगितलं ते सुनेला, आणि सून गावाकडे. यातलं एकही कारण डॉक्टरांच्या हाताच्या वेगाचं नव्हतं. सर्जन ऑपरेशन ४० चं ३५ मिनिटांत करायला बघत होते, आणि बाहेर दीड तास वाहून चालला होता.

केलं काय, तर आदल्या संध्याकाळी सातला सिस्टर फोन करून चार गोष्टी विचारणार : रिपोर्ट आला का, औषधं वर आली का, सही झाली का, उपाशी कोण राहणार आहे त्यालाच सांगितलं का. आणि भूलतज्ज्ञांना रोज एक केस द्यायच्या ऐवजी मंगळवार-शुक्रवारची सकाळ अख्खी बांधून दिली, ओळीनं तीन-चार केसेस. त्यांचाही पेट्रोलचा फेरा वाचला, फी त्यांनी आपणहून थोडी उतरवली. यात एक रुपयाचं यंत्र आलं नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. तिथं मोतीबिंदूच्या सर्जनपुढे दोन टेबलं असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. डॉक्टर फक्त वळतात. मिस्टरांना हे सांगाल तेव्हा एवढंही सांगा की हर्निया म्हणजे मोतीबिंदू नव्हे, दुसरं टेबल लगेच मागवू नका. आपल्याकडे पहिलंच टेबल दुपारी झोपलेलं असतं.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात एका हॉस्पिटलात थिएटर इन्चार्ज आहे. सरांनी खर्च कमी करायला सांगितलंय. रोज मीटिंगमध्ये कापूस आणि ग्लोव्हज यावरून आम्हालाच बोलणी बसतात. आम्ही नेमकं कशात वाचवावं?

सिस्टर, कापसाच्या मुलखात राहून कापसावरून बोलणी खायची, हेही नशिबातच असतं. कापूस सोडा. आठ दिवस एकच गोष्ट करा : ऑपरेशन संपलं की जे उघडलं पण वापरलं नाही, ते एका ट्रेमध्ये बाजूला ठेवा आणि किमतीसकट लिहा. टाक्याचा धागा फोडला आणि सरांनी दुसरा मागितला. "लागला तर असू दे" म्हणून ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायची नळी, उघडला. आठ दिवसांनी तो कागद मीटिंगमध्ये न बोलता पुढे सरकवा. बोलणी खाणाऱ्यांची अदलाबदल होईल, पण तुम्ही चेहरा गंभीर ठेवा.

त्यातून प्रत्येक सर्जनचं एकेक कार्ड तयार होतं : सिझरला या डॉक्टरांना कुठला धागा, किती नंबरचा, किती. आधी कार्डावरचंच उघडायचं, बाकीचं हाताशी पण बंद. तुमच्याकडे दोन सर्जन असतील आणि एकच ऑपरेशन करत असतील तर दोघांची कार्डं शेजारी ठेवा. एकाला चार धागे लागतात आणि दुसऱ्याला दोन. पेशंट दोघांचेही बरे होऊन जातात. कोण बरोबर ते तुम्ही ठरवायचं नाही, त्या दोघांना चहावर ठरवू द्या.

भुलीच्या वायूकडेही बघा. आयसोफ्ल्युरेनचा एक जुना ठोकताळा आहे : मिनिटाला जितके लिटर ताजा वायू, गुणिले डायलवरची टक्केवारी, गुणिले तीन, एवढे मिलिलिटर द्रव तासाला उडतो. सहा लिटरवर आणि एक टक्क्यावर तासाला १८ मिलिलिटर. एक लिटरवर तीन. बाटलीची किंमत तुम्हाला माहीत आहे. पण हे भूलतज्ज्ञांनी ठरवायचं, आणि मशिनवर वायू मोजणारा मॉनिटर आणि ताजा सोडालाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे दाणे) असेल तरच. त्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांचं पत्र येईल.

ऑक्सिजनचं तसंच. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला पाच लिटरवर लावला तर तेवीस तास चालायला पाहिजे. तुमचा सोळा तासांत संपत असेल तर कुठंतरी गळतंय, किंवा पेशंट वॉर्डात गेल्यावर फ्लोमीटर तसाच फुसफुसतोय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, हे गणित आपल्याकडे रिक्षावाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. मग विसरलो.

कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जेवणाचे डबे, केळीची सालं, वर्तमानपत्रं जातात का बघा. २०१६ च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा, निळा असे वेगळे वाटे केलेत. कचरा नेणाऱ्याशी तुमचा करार खाटेवर आहे की किलोवर, ते ऑफिसला विचारा. किलोवर असेल तर सालींचेही पैसे जातात. आणि पाणी. ज्या गावांत मार्चपासून टँकर लागतो तिथं धुलाई आणि ऑटोक्लेव्हचं पाणी हा खर्चाचा वेगळा रकाना असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या इथल्या हॉस्पिटलांना तो रकाना पहिल्यांदा दिसला. अर्धा भरलेला ऑटोक्लेव्ह लावायचा नाही, एवढं त्या वर्षी सगळे शिकले.

आता कशात वाचवायचं नाही. ऑटोक्लेव्हच्या आत टाकायची, सामान नीट निर्जंतुक झालं का ते सांगणारी इंडिकेटर पट्टी. एकदाच वापरायचं म्हणून आलेलं सामान पुन्हा धुणं. ऑपरेशनच्या आधी पेशंटचं नाव, बाजू, गॉज-सुयांची मोजणी विचारायची यादी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये दिलेली एकोणीस मुद्द्यांची. ती वाचायला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणजे थिएटरचे तीस-चाळीस रुपये. एक जखम चिघळली तर सहा दिवस खाट, अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग. नुसत्या खाटेचेच वर धरलेल्या दरानं ५,४०० रुपये झाले, आणि योजनेत पॅकेज ठरलेलं असल्यामुळे ते सगळे हॉस्पिटलच्या अंगावर. सरांना हे वाक्य दाखवा. सहीसकट माझं नाव सांगितलं तरी चालेल.

प्रश्न : वडिलांना पित्ताशयात खडे आहेत. उदगीर आणि लातूरमध्ये तीन दवाखान्यांत विचारलं, तिन्हीकडे वेगळा आकडा, आणि फरक थोडाथोडका नाही. एकाच ऑपरेशनचा खर्च इतका वेगळा कसा? आम्हाला फसवतायत का?

दादा, तुम्हाला सांगितला तो खर्च नाही, दर आहे. वर लिहिलंय तसा खर्च त्या तिघांपैकी एकानंही मोजलेला नसण्याचीच शक्यता जास्त. शेजारचा किती घेतो, कर्जाचा हप्ता किती, पेशंट कुठल्या गावचा, यावरून दर ठरतो. शिवाय एकानं औषधं धरलीत, दुसऱ्यानं "औषधं वेगळी" म्हटलंय, तिसऱ्यानं भूलतज्ज्ञ वेगळे ठेवलेत. आकड्यांची तुलना करायच्या आधी तिघांनाही एकाच कागदावर लिहून मागा : सर्जन, भूल, थिएटर, औषध-सामान, किती दिवसांची खाट, आणि दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडायचे किती. लिहून दिल्यावर आकडे बरेच जवळ येतात, असा माझा अनुभव. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक दिसेल असं लावणंही बंधनकारक आहे. भिंतीवर नजर टाका, गणपतीच्या फोटोमागे असेल.

त्याही आधी योजनेचं बघा. ही योजना २ जुलै २०१२ ला जेव्हा वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून त्यात नांदेड होता. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला गाठा. वडिलांचं ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतंय का आणि त्या हॉस्पिटलला त्याची मान्यता आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

प्रश्न : ट्रस्टच्या हॉस्पिटलात अकाउंटंट आहे, नांदेड. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सेट घ्यायचा ठराव आलाय, १४ लाखांचा. केसमागे किती खर्च पडेल, असं विश्वस्त विचारतात. एकच आकडा द्या म्हणतात.

एकच आकडा देऊ नका. दोन द्या. सेट सात वर्षं टिकेल धरला तर वर्षाला दोन लाख, देखभालीचा करार समजा ऐंशी हजार. २,८०,००० झाले. वर्षाला ६० केसेस असतील तर केसमागे ४,६६७. २०० असतील तर १,४००. सेट तोच, डॉक्टर तेच, पोटही तसंच. १४ लाख म्हणताना जीएसटी धरलाय का तेही बघा. रुग्णसेवेवर सहसा जीएसटी नाही, म्हणून खरेदीवर भरलेला जीएसटी तुम्हाला वळताही करून घेता येत नाही. तो किमतीतच जातो. हे विक्रेता कोटेशनच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहितो.

विश्वस्तांपैकी कुणीतरी म्हणेल, दुर्बिणीनं पेशंट दोन दिवस लवकर घरी जातो, ते पैसे वाचतात. पेशंटचे वाचतात, नक्की. त्याची मजुरी वाचते, सोबत राहणाऱ्या मुलाचीही वाचते. हॉस्पिटलचे मात्र त्या रिकाम्या खाटेवर दुसरा पेशंट आला तरच. वॉर्ड अर्धा रिकामा असताना हा फायदा ठरावात लिहू नका.

सध्या बाहेरून येणारे सर्जन स्वतःचा सेट घेऊन येत असतील आणि केसमागे त्याचं भाडं घेत असतील, तर तेच तुमचं माप. भाडं तीन हजार असेल तर २,८०,००० भागिले ३,०००. ९३ केसेसपर्यंत भाड्याचा सेट स्वस्त, ९४ व्या केसपासून स्वतःचा. थिएटरची गेल्या तीन वर्षांची रजिस्टरं काढा आणि दुर्बिणीच्या केसेस बोटानं मोजा. संगणकात आहेत असं सांगतील, पण रजिस्टरच काढा. त्यात रद्द झालेल्या केसेसवर लाल रेघ असते.